भोंग्यावरची यशोधरा

वडवणीत विलासचा आवाज न ओळखणारा माणूस सापडणं अवघड होतं. कापडाचा सेल लागला, कुस्त्यांचा फड ठरला, कुणाची म्हैस दावं तोडून गेली, नळाला पाणी येणार नसलं, की तानाजीच्या टमटमवर दोन भोंगे बांधले जायचे आणि मागच्या सीटवर विलास माईक घेऊन बसायचा. आवाज भरदार. बसस्टँडवर बोलायला लागला की पार भीमनगरातल्या शेवटच्या घरापर्यंत शब्द न् शब्द कळायचा. त्या शेवटच्या घरात त्याची बायको यशोधरा शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसलेली असायची.

यशोधरा चकलांब्याची. लग्न होऊन आली त्याला पंधराएक वर्षं झाली होती, तरी गावाला तिचं नाव फारसं माहीत नव्हतं. विलासची बायको, एवढीच ओळख. दहावीपर्यंत शिकलेली, वाचायला चांगली. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. बचत गटाच्या बैठकीत ती दाराजवळची जागा धरायची आणि काही विचारलं तर मान हलवून मोकळी व्हायची. घरात मात्र सासूपुढं, सिंधुबाईंपुढं, तिची दिवसभर टकळी चालू. सिंधुबाई म्हणायच्या, "नवरा गावाला आयकवतो, बायको मला आयकवती. माझ्या कानाला सुट्टीच न्हाई."

करोना आला आणि विलासचं काम एकदम वाढलं. लग्नं थांबली, जत्रा थांबल्या, पण नगरपंचायतीचा कागद रोज येऊ लागला. कुठली दुकानं उघडी, कुठली बंद, किती वाजेपर्यंत, बाहेरगावाहून आलेल्यानं कुठं राहायचं. पहिल्या वर्षी लोक भोंगा वाजला की हातातलं काम टाकून ओट्यावर यायचे. त्यांच्या पोटात भीती होती. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा सगळं बंद झालं तेव्हा लोक कंटाळून गेले होते. भोंगा आला तरी पत्ते खेळणारी माणसं मान वर करायची नाहीत. "कालचंच हाय," म्हणायची आणि पान टाकायची.

त्या एप्रिलात विलासला ताप भरला. दोन दिवस त्यानं गोळ्यांवर काढले, तिसऱ्या दिवशी जिना चढल्यासारखा धापा टाकायला लागला तेव्हा तानाजीनंच त्याला टमटममध्ये घालून तपासणीला नेलं. पॉझिटिव्ह निघाला. गावाबाहेरच्या वसतिगृहात कोविड सेंटर होतं, तिथं त्याला ठेवलं; मग ऑक्सिजन कमी भरतोय म्हणून बीडला हलवलं. यशोधरा आणि सिंधुबाई दोघींची तपासणी निगेटिव्ह आली, पण घराबाहेर पडायचं नाही असा नियम होता. दारासमोर बांबू बांधला गेला. आरोग्य खात्याच्या आशाताई दुरून ताप विचारून जायच्या. शेजारणी दूध उंबऱ्याबाहेर ठेवायच्या.

त्या दिवसांत यशोधरानं मशीनला हात लावला नाही. फोन मांडीवर घेऊन बसायची. विलास एखादं वाक्य बोलायचा आणि दमायचा. ज्या माणसाचा आवाज बसस्टँडवरून घरात यायचा, त्याचा आता कानाला लावलेल्या फोनमध्येही नीट ऐकू येईना, हे तिला सहन व्हायचं नाही. ती फोन ठेवून मागच्या दारी जायची, चेहरा धुऊन परत यायची.

अशाच एका बाजाराच्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. समोरच्या वाटेनं सारजाबाई परत चाललेल्या दिसल्या. सारजाबाई जवळच्या तांड्याकडच्या वस्तीवरून माळवं घेऊन बाजाराला यायच्या. यशोधराकडे ब्लाऊज शिवायला टाकायच्या म्हणून ओळख. त्यांच्या डोक्यावरची पाटी भरलेलीच होती. मेथी, वांगी, वरून ओलं फडकं. मागं आणखी चार-पाच बायका, त्यांच्याही पाट्या भरलेल्या.

"मावशी, कावून परत चाललात?" यशोधरानं बांबूच्या आतूनच हाक मारली.

"बाजार बंद हाय म्हणं," सारजाबाई थांबल्या. घामानं चेहरा लाल झाला होता. "पहाटं उठून खुडलंय बाई सगळं. तिथं गेलो तर पोलीस म्हणं, परत जावा, आदेश निघालाय. आता आदेश निघालाय ते आमाला कोण सांगनार? लांबनं बी भोंगा आयकू आला न्हाई."

"भोंगेवाला दवाखान्यात हाय मावशी."

सारजाबाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी पाटी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि विलासची चौकशी केली. मग मेथीच्या दोन जुड्या बांबूजवळ ठेवल्या. यशोधरा नको नको म्हणत होती. "ठिव ग. दुपारपत्तुर वाळूनच जायची," म्हणून त्या पाटी उचलून निघाल्या.

मेथी निवडताना यशोधराच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. नगरपंचायतीनं घंटागाडीवर एक रेकॉर्ड लावलं होतं, पण त्यातला माणूस कुठला कोण जाणे, बातम्या वाचल्यासारखा बोलायचा, आणि घंटागाडी काही वस्तीवर जात नव्हती.

बांबू सुटला त्याच दिवशी तानाजी आला. दारातून दूर उभा राहून म्हणाला, "वहिनी, भोंगे आन माईकची मशीन घेऊन जाऊ का? नगरपंचायतीत इठ्ठलराव म्हनत्यात, दुसरा कुनी बोलणारा बघा. मी धा जनांला इचारलं. कुनी तयार न्हाई. समदे म्हनत्यात, इलास फिरला म्हनून आजारी पडला."

तानाजी ओट्यावरच्या खोक्यातून मशीन बाहेर काढायला लागला तशी यशोधरा एकदम म्हणाली, "मी बोलले तर?"

तानाजीनं मास्कच्या वरून तिच्याकडे पाहिलं. "तुमी?"

"मला वाचता येतंय की."

आतून सिंधुबाईंचा आवाज आला. "बोल की! रोज माझं डोस्कं खाऊन पाठ झालंय तुझं. आता गावाचं खा जरा."

विलासला फोन लावला. तिनं विचारल्यावर तिकडून नुसती धाप ऐकू आली. यशोधराला वाटलं, रागावला. मग तिकडून तुटक आवाज आला, "माईक... तोंडाला चिकटवू नको. चार बोटं लांब." आणि दमल्यामुळे त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधरा तोंडाला दुपदरी मास्क बांधून टमटमच्या मागच्या सीटवर बसली. हातात नगरपंचायतीचा कागद. पहिला थांबा बसस्टँडचा ठरलेला, पण तिनं तानाजीला विनवलं, "भाऊजी, पयले आपल्याच गल्लीत चला. तिथं चुकलं तरी घरचीच माणसं हायेत."

गल्लीत टमटम थांबली. माईकचं बटण दाबताच भोंग्यातून कुई असा आवाज आला आणि लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले. यशोधरानं कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, अत्यावश्यक सेवा वगळता इतर सर्व आस्थापना पुढील आदेशापर्यंत बंद राहतील, आणि आदेशाचं उल्लंघन करणाऱ्यांवर. आस्थापनाशी ती अडखळली, उल्लंघनाशी पार आपटली. तिचा आवाज पातळ होऊन कापत होता. दोन-तीन पोरी ओट्यावर खिदळल्या. यशोधराला वाटलं, खाली उतरावं आणि सरळ घरात जाऊन कडी लावावी.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून बायनाबाई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, हात वर करून ओरडली, "आगं, त्ये आस्थापना म्हंजी काय? आमच्याकडं हाय का ती?"

सगळी गल्ली हसली. यशोधरालाही हसू आलं. माईक तोंडासमोरच होता हे विसरून ती म्हणाली, "आजी, आस्थापना म्हंजी दुकान. कापडाचं, भांड्याचं, चपलाचं, सलूनचं, समदं बंद. किराणा, दूध, माळवं, औषध, एवढंच उघडं. ते बी सकाळी अकरापत्तुर. औषधाचं मातर दिवसभर. बाजार भरनार न्हाई. वस्तीवरच्या बायांनी माळवं पाटीत घेऊन दारोदार इकायचं, एका जागी बसायचं न्हाई. कळलं का?"

"आता कळलं," बायनाबाई म्हणाली. "असं बोलायचं सोडून कायबी वाचती."

पुढच्या गल्लीत यशोधरानं कागद मांडीवर ठेवला आणि सिंधुबाई समोर बसल्यात असं समजून बोलायला लागली. आवाज अजून कापत होता, पण घसा कोरडा पडला नव्हता. बसस्टँडवर पत्ते खेळणाऱ्यांनी माना वर केल्या. बाईचा आवाज ऐकूनच केल्या असतील, पण केल्या. वस्तीकडच्या वाटेला टमटम जाते का म्हणून तिनंच विचारलं. तानाजी म्हणाला, "खडी लई हाय, पन जाईल." सारजाबाईंच्या वस्तीवर नगरपंचायतीचा भोंगा पहिल्यांदाच पोहोचला. तिथल्या बायका चूल सोडून धावत आल्या. त्यांना वाटलं, निवडणूक आली.

तिसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी बोलावून घेतलं. हे नगरपंचायतीतले जुने कारकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मास्क हनुवटीखाली. यशोधरा दिसताच त्यांनी मास्क वर ओढला.

"बाई, कागदावर आहे तेवढंच वाचायचं असतं. हा आदेश आहे. उद्या तुम्ही एक सांगाल, लोक दुसरं करतील, आणि जाब आम्हाला विचारतील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते पुढच्याच आठवड्यात दिसलं. शनिवार-रविवार किराणाही बंद असा नवा नियम आला होता आणि यशोधरा बोलण्याच्या ओघात जुनंच सांगून गेली. शनिवारी माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडली, पेठेतून हुसकून लावली गेली, आणि परत जाताना भोंग्याच्या नावानं नको ते बोलली. यशोधराला ते कळलं तेव्हा तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. तानाजीला बोलावून तिनं पुन्हा सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. "सकाळी मी चुकीचं सांगितलं. चूक माझी हाय, दुकानदारावर राग काढू नका. आज-उद्या किराणा बी बंद. ज्याच्या घरी पीठ-मीठ संपलं आसंल त्यानं शेजारी मागावं, शेजाऱ्यानं न्हाई म्हनू नये."

ते ऐकून विठ्ठलराव तिला रागावले नाहीत. म्हणाले, "असं करू. एकदा कागद जसाच्या तसा वाचा. मग तुमच्या भाषेत सांगा. पण निघायच्या आधी ते तुमच्या भाषेतलं मला एकदा म्हणून दाखवत जा." तेव्हापासून रोज सकाळी यशोधरा नगरपंचायतीच्या व्हरांड्यात उभी राहून विठ्ठलरावांना आदेश सांगायची. ते खुर्चीवर बसून "लग्नाचं राहिलं," "दंडाचं राहिलं," असं आठवण करून द्यायचे. कधी कधी एखादा शब्द तेच सुचवायचे. एकदा त्यांनी 'संसर्ग' काढून 'लागण' घालायला सांगितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

सगळेच खूश होते असं नाही. पेठेत आबासाहेबांचं कापडाचं दुकान होतं. मोठं घराणं, चार गावांत शेती, पंचायतीच्या राजकारणात शब्दाला वजन. लग्नसराई तोंडावर, दुकानात माल भरलेला आणि शटर खाली. शेजारचं किराणा दुकान निदान अकरापर्यंत चालायचं, यांचं तेवढंही नाही. एक दिवस टमटम पेठेतून जात असताना ते रस्त्यातच आडवे उभे राहिले.

"ए, विलासची बायको! बंद कर ते. रोज सकाळी येऊन आमच्या पोटावर पाय देतीस."

तानाजीनं गाडी थांबवली. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. यशोधराच्या हातात माईक होता, पण तिनं तो बंद केला, खाली उतरली आणि चार हात लांब उभी राहिली.

"आबासाहेब, मी बंद करत न्हाई. मी फकस्त सांगते. आन माझं काम बंद झालं तर तुमचं दुकान उघडतंय का?"

"मला शिकवू नको."

"शिकवत न्हाई. माझा माणूस बीडला ऑक्सिजनवर हाय. दुसऱ्या कुणाच्या घरचं तिथं जाऊ न्हाई, एवढंच वाटतंय."

आबासाहेब बाजूला झाले. टमटम पुढं गेली. यशोधरानं माईक पुन्हा चालू केला तो पार मारुतीच्या पाराशी आल्यावर. तानाजी आरशातून बघत म्हणाला, "वहिनी, पानी पिता का?" तिनं मानेनंच हो म्हटलं.

मे महिना लागला. विलासचा ऑक्सिजन हळूहळू कमी करत आणला. फोनवर तो आता दोन-तीन वाक्यं सलग बोलायचा. त्याच दिवसांत एका सकाळी यशोधराच्या दारात आबासाहेब येऊन उभे राहिले. सिंधुबाई गडबडून उठल्या. आबासाहेब या गल्लीत यायचे ते मतं मागायला, तेही ताफ्यासकट. आज एकटेच होते.

"विलास कसा हाय आता?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय. बसून जेवतोय."

"हां." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "माझ्या वनिताचं लग्न हाय परवा. पत्रिका दिवाळीतच ठरवून ठेवली होती, सबंध तालुक्याला बोलवायचं म्हणून. आता पंचवीस माणसं आन दोन तास. नवऱ्याकडचीच तेवढी भरत्यात." त्यांचा आवाज खाली गेला. "पोरगी काल रडली. म्हणं, माझ्या लग्नाला अक्षता टाकायला बी कुणी न्हाई. म्या म्हणलं, लोकांला कळवू तर खरं. ज्यांना बोलवता येत न्हाई त्यांना वाईट वाटू नये. तुमचा भोंगा... भाड्यानं."

यशोधरानं लगेच हो म्हटलं नाही. "नगरपंचायतीला इचारावं लागंल. आन गर्दी झाली तर मी मधीच बंद करीन. चालंल का?"

"चालंल, ताई," आबासाहेब म्हणाले.

विठ्ठलरावांनी वर विचारलं, वरून उत्तर आलं की कुणी घराबाहेर पडत नसेल तर हरकत नाही. पण यशोधराच्या मनात नुसतं कळवायचं नव्हतं. तिनं तानाजीला बसवून आपला विचार सांगितला. तो आधी हसला, मग म्हणाला, "मशीनला फोन जोडायची वायर माझ्याकडं हाय."

लग्नाच्या दिवशी सकाळी टमटम सगळ्या गल्ल्यांतून फिरली. "आज वनिताचं लग्न हाय. आबासाहेबांची वनिता, आपल्याच गावात ल्हानाची मोठी झाली. तिच्या लग्नाला कुनी जायचं न्हाई. आगदी मामानं बी जायचं न्हाई, पंचवीसात बसत नसंल तर. पन घरात तांदूळ तर हायेत? मूठभर घ्या, कुंकू लावा न्हाईतर हळद. भोंगा वाजला की आपल्या दारात उभं राहून टाकायच्या. दाराच्या बाहेर पाऊल टाकायचं न्हाई. मास्क काढायचा न्हाई. वनिताला कळंल."

मुहूर्ताच्या वेळी टमटम मधल्या चौकात उभी राहिली. आबासाहेबांच्या अंगणात कुणीतरी फोन भटजींसमोर धरला होता. दुसरा फोन इकडं मशीनला जोडलेला. भोंग्यातून मंगलाष्टकं सुरू झाली. आधी खरखर, मग स्पष्ट. यशोधरा माईक घेऊन खाली उतरली आणि चारही बाजूंना बघू लागली. तिला भीती होती की कुणीच दारात येणार नाही.

पहिली दारात आली ती सोनाराची सून. मग दोन घरं सोडून एक म्हातारं जोडपं. मग गच्च्यांवर माणसं दिसायला लागली, खिडक्यांत, जिन्यांवर. "शुभमंगल सावधान" झालं की सगळ्या दारांतून एकदम अक्षता उडायच्या आणि रिकाम्या रस्त्यावर पडायच्या. भीमनगरातून तानाजीच्या बायकोचा फोन आला की इकडंही सगळ्या दारात उभ्या आहेत, बायनाबाई तर कडधान्य टाकतेय कारण तांदूळ संपलेत. यशोधरानं ते तसंच माईकवर सांगितलं. चौकातल्या दारं-खिडक्या हसल्या. त्या हसण्याचा आवाज फोनमधून उलट आबासाहेबांच्या अंगणातही पोहोचला, आणि पुढं कितीतरी दिवस वनिता सगळ्यांना सांगत होती की अंतरपाटाच्या मागं मी हसले, ते त्याच्यामुळं.

रस्त्यावर एक माणूस आला नाही. चिमण्या तेवढ्या उतरल्या. आबासाहेबांनी दुपारी बुंदीचे पुडे तानाजीच्या हाती घरोघर धाडले, भीमनगरापासून सुरुवात करून.

विलास घरी आला तो निम्म्यानं उतरलेला. दारात सिंधुबाईंनी भाकर ओवाळून टाकली. त्यानं "आय" अशी हाक मारली आणि घरातल्या तिघांनाही कळलं, आवाज गेला. घोगरा, फाटलेला, दोन वाक्यांनंतर खोकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जोर द्यायचा नाही. येईल हळूहळू, पण पहिल्यासारखा येईल असं सांगता येत नाही.

पहिले काही दिवस तो भिंतीला टेकून बसायचा. सकाळी यशोधरा गेली की थोड्या वेळानं लांबून तिचा आवाज यायचा आणि तो उठून मागच्या दारी जायचा. ती परत आली की म्हणायचा, "लई ओढतीस शेवटचा शब्द." नाहीतर, "चौकात एवढं थांबायचं नसतंय." एके दिवशी यशोधरानं पायातली चप्पल भिरकावली.

"मग उद्यापासून तुमी जावा! मला काय हौस हाय का उन्हात फिरायची?"

सिंधुबाईंनी चप्पल उचलून दाराशी ठेवली.

"तसं न्हाई ग," विलास घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तू चांगली बोलतीस. बीडला तानाजीनं फोनवर आयकवलं तवाच कळलं. माझं आता काय, एवढंच डोस्क्यात फिरतंय."

यशोधरा त्याच्याजवळ बसली. तिला सांगायचं होतं बरंच, पण तिनं फक्त एवढंच विचारलं, "शेवटचा शब्द ओढते म्हंजी कसं करते? दाखवा बरं." त्यानं हळू आवाजात करून दाखवलं. ती हसली, तोही खोकत हसला. त्या दिवसापासून संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे आणि तो तिला शिकवायचा. श्वास कुठं घ्यायचा, वारा बघून भोंग्याचं तोंड कसं फिरवायचं, गल्ली अरुंद असली की आवाज कसा खाली घ्यायचा. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय कुणी सांगणारंही नव्हतं.

पावसाळ्यात लस अठराच्या वरच्या सगळ्यांना खुली झाली. गावात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी उठल्या. सुई घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, बाईला मूल होत नाही. लसीकरणाच्या जागी सिस्टर बसून राहायच्या आणि माणसं लांबूनच परत जायची. यशोधरानं पहिल्याच आठवड्यात सुई घेतली आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यावर खरं ते सांगितलं. "मला ताप आला. अंग लई दुखलं. सासूबाईनं पाय दाबले. आन आज मी तुमच्यापुढं बोलतेय. ज्याला इचारायचं त्यानं गाडीपाशी येऊन इचारा." बायका यायच्या, विचारायच्या. पाळीचं विचारायच्या, दूध पाजण्याचं विचारायच्या. जे विलासला कुणी कधी विचारलं नसतं. जे माहीत नसायचं ते यशोधरा सिस्टरना विचारून दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची. सारजाबाई सगळ्या वस्तीला घेऊन आल्या त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली.

पुढं बाजार सुरू झाला, दुकानं दिवसभर उघडी राहू लागली, मास्क हनुवटीवर आणि मग खिशात गेले. तानाजी पुन्हा सीटा भरून परळी रोडला फिरू लागला. भोंग्याचं काम संपेल असं यशोधराला वाटलं होतं. पण पोलिओचा डोस आला, मतदार नोंदणी आली, पाण्याचं वेळापत्रक आलं आणि प्रत्येक वेळी नगरपंचायतीनं तिलाच बोलावलं. बचत गटातून तिनं एक जुनी रिक्षा घेतली. चालवायला विलास शिकला. त्याचा आवाज आता घोगराच आहे, पण घरात, ओट्यावर, गाडीवर बोलण्यापुरता पुरतो. गेल्या वर्षी केजहून सत्यशीला नावाची एक मुलगी आली, तिला हे काम शिकायचं होतं. यशोधरानं तिला आठवडाभर घरी ठेवून घेतलं आणि पहिल्या दिवशी गाडीत बसवून एकच गोष्ट सांगितली, की आधी स्वतःच्या गल्लीत चुकून घे.

अलीकडे जनावरांच्या लसीकरणाची दवंडी होती. दोघं एका खेड्यात शिरले. विलास सवयीप्रमाणं सरळ निघाला आणि रिक्षा गोठ्याच्या भिंतीशी जाऊन अडकली. मागं ट्रॅक्टर, पुढं म्हशी. माईक चालू आहे हे यशोधराच्या ध्यानात नव्हतं.

"अहो, डावीकडं घ्या म्हणलं व्हतं ना! किती येळा सांगू?"

दोन्ही भोंग्यांतून ते सबंध खेड्यात गेलं. दारातून माणसं बाहेर आली. एक म्हातारा काठी टेकत म्हणाला, "आरं घे बाबा डावीकडं, सरकारी आदेश हाय!" विलास खाली मान घालून हसत रिक्षा मागं घेऊ लागला. यशोधरानं माईक पदरात दाबून धरला, पोट धरून हसून घेतलं, आणि मग घसा खाकरून गावाला जनावरांच्या सुईची वेळ सांगायला लागली.